राजाला सोडवायला आलेली फौज

30 सप्टेंबर 1823. दक्षिण स्पेनमधल्या कादिझ बंदरात राजा सातवा फर्डिनांड एका जाहीरनाम्यावर सही करतो. झालं गेलं विसरून जाऊ, मागच्या काही वर्षांतल्या राजकारणाबद्दल कुणालाही शिक्षा होणार नाही, असं त्यात लिहिलेलं असतं. दुसऱ्या दिवशी त्याला होडीतून खाडीपलीकडे नेतात. तिथे त्याच्या स्वागताला फ्रेंच फौज उभी असते. ती त्याच्याच सुटकेसाठी आलेली असते. पलीकडच्या काठाला लागल्यावर त्याच दिवशी तो दुसरा हुकूम काढतो: 7 मार्च 1820 पासून घटनात्मक सरकारने केलेला प्रत्येक कायदा आणि प्रत्येक निर्णय रद्द. त्यानंतर अटका, फाशी आणि देशोधडी सुरू होते.

एका देशाची फौज दुसऱ्या देशात घुसते, ती जमीन बळकावायला नाही, तर तिथल्या राजाला त्याची जुनी, कुणालाही जाब न देणारी सत्ता परत मिळवून द्यायला. हे नेमकं कसं घडतं? कुठल्या अधिकाराने, कुणाच्या पैशाने? आणि काम फत्ते झाल्यावर त्या फौजेच्या हाती काय लागतं? ही प्रकरणं इतिहासात बरीच आहेत, पण त्यातले सगळे धागे 1823 च्या स्पेनमध्ये जितके उघडे दिसतात तितके मला दुसरीकडे कुठे दिसलेले नाहीत.

आधी भांडण काय होतं ते

अनियंत्रित राजा म्हणजे मनात येईल ते करणारा राजा, असं आपल्याला वाटतं. ते पुरतं खरं नाही. चर्च, सरदार, प्रांतांचे जुने हक्क, रूढी असे अडसर त्यालाही असत. मुद्दा वेगळा आहे. त्याच्या सत्तेचा उगम देवाकडे मानला जाई, त्यामुळे पृथ्वीवर त्याला कायद्याने जाब विचारील असं कुणी नसे. तो चांगला वागला तर त्याची मर्जी, वाईट वागला तरी त्याचीच.

1808 मध्ये नेपोलियनने फर्डिनांड आणि त्याच्या बापाला फ्रान्समधल्या बायोन गावी बोलावून दोघांकडूनही राजत्याग लिहून घेतला आणि आपला भाऊ जोसेफ याला स्पेनच्या गादीवर बसवलं. राजा परक्यांच्या कैदेत, देशभर उठाव, आणि समुद्राने जवळपास वेढलेल्या कादिझमध्ये स्पॅनिश प्रतिनिधींची सभा. तिने 19 मार्च 1812 रोजी राज्यघटना जाहीर केली. आजच्या नजरेने ती फार जहाल नव्हती. कॅथलिक हाच राष्ट्राचा धर्म, इतर उपासनांना बंदी, असं त्यात स्पष्ट होतं. राजाही होताच. पण सार्वभौमत्व राष्ट्राचं आहे, असं एक वाक्य त्यात होतं. त्या एका वाक्याने राजा मालकाचा नोकर झाला. कायद्यावर सही करायला तो दोनदा नकार देऊ शकत होता, तिसऱ्यांदा कायदा त्याच्याशिवाय पुढे जाणार होता.

1814 मध्ये सुटून आलेल्या फर्डिनांडने ही घटना मोडीत काढली. जनतेने त्याचा जयजयकार केला. हे नीट लक्षात ठेवायला हवं, कारण पुढचं सगळं यावर उभं आहे. सहा वर्षांनी मात्र फासे पलटले. अमेरिकेतल्या वसाहती बंड करून उठल्या होत्या. त्यांना चिरडायला पाठवायची फौज कादिझच्या आसपास जमवलेली होती आणि त्या सैनिकांना समुद्रापार मरायला जायचं नव्हतं. 1 जानेवारी 1820 रोजी राफाएल दे रिएगो या अधिकाऱ्याने लास काबेसास गावात 1812 च्या घटनेचा पुकारा केला. गंमत अशी की त्याची स्वतःची मोहीम जवळजवळ फसली. दक्षिणेतल्या आंदालुसिया प्रांतात भटकताना त्याची माणसं गळत गेली आणि शेवटी मूठभर उरली. पण तोवर ठिणगी वायव्य टोकाच्या 'ला कोरुन्या' शहरापर्यंत पोचली होती. राजधानीत दबाव वाढला आणि मार्चमध्ये राजाने घटनेची शपथ घेतली. या वाटेने आपण सगळे मोकळेपणाने चालू आणि सर्वांत पुढे मी चालेन, असं त्याने लोकांना सांगितलं. आणि मागच्या दाराने परदेशच्या दरबारांना 'मला सोडवा' अशी पत्रं लिहायला सुरुवात केली.

परक्यांना यात पडायचा अधिकार कुणी दिला?

नेपोलियनच्या पाडावानंतर युरोपातल्या मोठ्या सत्तांनी एक नवी रीत पाडली होती: अधूनमधून एकत्र बसायचं आणि युरोपची शांतता कशी टिकवायची ते ठरवायचं. 1820 मध्ये ट्रॉपाऊ इथल्या बैठकीत ऑस्ट्रिया, रशिया आणि प्रशिया यांनी एक तत्त्व मांडलं. ज्या राज्यात बंडाने सत्तापालट झाला आणि त्याचा शेजाऱ्यांना धोका आहे, ते राज्य या बिरादरीतून बाहेर. त्याला पुन्हा रांगेत आणायला आधी समजूत घालायची, नाहीतर शस्त्र उचलायचं. साथीच्या रोगाची उपमा त्या काळच्या मुत्सद्द्यांना फार प्रिय होती. क्रांती हा ताप आहे, शेजारच्या घरात शिरला की आपल्याकडे येणारच, असा तो हिशोब.

आणि भीती अगदीच निराधार नव्हती. 1820 च्या जुलैत नेपल्समधल्या बंडवाल्यांनी चक्क स्पेनचीच घटना उचलून आपल्या राजाच्या गळ्यात बांधली होती. त्या राजाला लायबाखच्या बैठकीला बोलावण्यात आलं. घटनेच्या बाजूने बोलेन असं सांगून तो निघाला आणि तिथे पोचल्यावर त्याने ऑस्ट्रियाची फौज मागितली. मार्च 1821 मध्ये ऑस्ट्रियन सैन्य नेपल्समध्ये शिरलं. स्पेनची ती रंगीत तालीमच म्हणायची.

ब्रिटनला हे तत्त्व मान्य नव्हतं. परराष्ट्रमंत्री कासलरी याने मे 1820 मध्येच लिहून ठेवलं होतं की ही युती फ्रान्सला आवर घालायला झाली, इतर देशांच्या अंतर्गत कारभारावर देखरेख करायला नाही. ब्रिटनची अडचण समजण्यासारखी होती. 1688 मध्ये त्यांनी स्वतःच एक राजा घालवून दुसरा आणला होता. बंडाने आलेलं राज्य बेकायदा मानायचं तर स्वतःचं सिंहासनच बेकायदा ठरलं असतं. (1688 मध्येही नवा राजा डच फौज घेऊनच उतरला होता, पण ती आठवण लंडनमध्ये कुणी काढत नसे.)

तत्त्वाच्या पोटात प्रत्येकाचं आपापलं गणित होतं. रशियाचा झार अलेक्झांडर स्पेनवर दीड लाख सैन्य पाठवायला तयार होता. ते ऐकून ऑस्ट्रियाचा परराष्ट्रमंत्री मेटर्निख हादरला, कारण ते सैन्य मध्य युरोप तुडवत जाणार होतं. क्रांती वाईट खरी, पण दारातून जाणारे दीड लाख रशियन त्याहून चांगले कसे? अशा वेळी काम फ्रान्सने केलेलं बरं, या निष्कर्षाला बाकीचे हळूहळू आले.

फ्रान्सची गोष्ट जास्त गुंतागुंतीची आहे. अठरावा लुई स्वतः परक्या फौजांच्या पाठबळावर 1814 आणि 1815 अशा दोन वेळा गादीवर बसला होता, आणि फ्रान्समध्ये त्यावरून त्याची टिंगल होत असे. पंतप्रधान विलेल हिशोबी माणूस. युद्धाचा खर्च आणि कर्जरोख्यांचे भाव त्याच्या डोक्यात. डिसेंबर 1822 च्या अखेरीस परराष्ट्रमंत्री झालेला शातोब्रियाँ मात्र युद्धाच्या बाजूचा. त्याला फ्रान्सची गेलेली पत परत हवी होती. शिवाय एक नाजूक प्रश्न होताच: नेपोलियनच्या हाताखाली घडलेलं हे सैन्य लुईच्या बूरबाँ घराण्याच्या पांढऱ्या निशाणाखाली लढेल का? ते पाहायला एखादी बेताची, हमखास जिंकता येणारी लढाई हवी होती.

1822 च्या शरदात व्हेरोनाच्या बैठकीत पूर्वेच्या तिन्ही सत्तांनी फ्रान्सला पाठिंब्याचा शब्द दिला. माद्रिदला कडक खलिते गेले, माद्रिदने ते झिडकारले, वकील परत फिरले. 28 जानेवारी 1823 रोजी लुईने पॅरिसमध्ये जाहीर केलं: एक लाख फ्रेंच, माझ्या घराण्यातल्या राजपुत्राच्या हाताखाली, संत लुईच्या देवाचं नाव घेऊन कूच करायला सज्ज आहेत. संत लुई हा फ्रान्सचा तेराव्या शतकातला राजा. त्यावरून या फौजेला 'संत लुईचे एक लाख पुत्र' हे नाव पडलं.

यातली मेख अशी. लुईच्या फ्रान्समध्येही एक सनद होती, संसद होती. पण ती राजाने 'बहाल' केलेली, लोकांनी लिहून राजाला दिलेली नव्हे. स्पेनमध्येही फर्डिनांडने तसंच काहीतरी बहाल करावं, मवाळ राजेशाही यावी, अशी पॅरिसची इच्छा होती. म्हणजे सोडवायला निघालेल्यांना एक राजा हवा होता आणि सुटू पाहणाऱ्याला वेगळंच काही हवं होतं. दोघांनी ते एकमेकांना नीट सांगितलं नाही, की ऐकून घेतलं नाही, कोण जाणे.

तीच वाट, तेच गावकरी

6 एप्रिल 1823 ला सरहद्दीवरच्या बिदासोआ नदीपाशी एक छोटा प्रसंग घडला. परागंदा फ्रेंच उदारमतवाद्यांचा एक जथा कर्नल फाब्वियेबरोबर पलीकडच्या काठावर फ्रेंच क्रांतीचं तिरंगी निशाण घेऊन उभा राहिला. समोरचे फ्रेंच सैनिक आपले जुने सोबती आहेत, ते गोळी झाडणार नाहीत, उलट आपल्याला येऊन मिळतील, ही आशा. फ्रेंच तोफेने गोळा टाकला आणि तो प्रश्न मिटला. दुसऱ्या दिवशी लुईचा पुतण्या ड्यूक ऑफ अंगुलेम याच्या हाताखाली फौज नदी ओलांडून गेली.

याच देशाने नेपोलियनच्या फौजांचं रक्त पाच-सहा वर्षं आटवलं होतं. 'गुरिला' हा शब्द जगभर गेला तो त्याच युद्धातून. मूळ स्पॅनिश अर्थ 'छोटं युद्ध'. झाडाआडून, खिंडीतून, विहिरीजवळून फ्रेंच टिपले जात. त्याला पुरती पंधरा वर्षंही झाली नव्हती. आणि आता त्याच रस्त्यांनी तेच फ्रेंच येतात, आणि बहुतेक गावं दारं उघडतात. 23 मेला फौज माद्रिदमध्ये. वाटेत म्हणण्यासारखी मोठी लढाई झालीच नाही. फक्त ईशान्येतल्या कातालुन्या प्रांतात जुना गनिमी सेनानी एस्पोस इ मिना नेटाने झुंजत राहिला.

असं का झालं? शेतकऱ्यांना गुलामीच आवडते, असं एक तुच्छतेचं उत्तर तेव्हाही दिलं जाई. मला ते आळशीपणाचं वाटतं. उदारमतवाद्यांनी चर्चचा दशमांश कर अर्ध्यावर आणला, हे खरं. पण दशमांश धान्यात द्यायचा असे; पीक बुडालं तर तोही घटे. नव्या सरकारचा कर रोख नाण्यात होता, आणि धान्याचे भाव पडत असताना शेतकऱ्याने नाणं आणायचं कुठून? मठ बंद केले, त्यांच्या जमिनी विकायला काढल्या, पण त्या घेतल्या पैसेवाल्यांनी. मठाची कुळं नव्या मालकाच्या हाताखाली गेली. घटनेतलं 'राष्ट्र' गावात पोचलं ते वसुली कारकुनाच्या रूपात. शेजारच्या मठातला साधू मात्र ओळखीचा होता. नावारा आणि कातालुन्याच्या डोंगरांत राजनिष्ठांच्या टोळ्या उभ्या राहिल्या त्या फ्रेंच येण्याच्या कितीतरी आधी. 1822 मध्ये त्यांनी सेओ दे उर्जेल हे ठाणं घेऊन तिथे स्वतःचं प्रतिसरकारही थाटलं होतं.

नेपोलियनविरुद्ध लढलेले वीरही दुभंगले. मेरिनो हा पाद्री तेव्हा फ्रेंचांचा कर्दनकाळ होता. 1823 मध्ये तो राजनिष्ठांच्या, म्हणजे फ्रेंचांच्याच बाजूने उतरला. 'एल एम्पेसिनादो' या नावाने गाजलेला हुआन मार्तिन घटनेच्या बाजूला राहिला. 1825 मध्ये, ज्या राजासाठी तो नेपोलियनशी लढला होता त्याच राजाच्या राज्यात, त्याला फाशी दिलं गेलं.

दुसरं कारण अगदी व्यवहारी आहे. नेपोलियनची फौज गावं लुटून पोट भरत असे, आणि लुटलेला शेतकरी बंदूक उचलतोच. या खेपेला सगळं विकत घ्यायचं ठरलं. तरी सरहद्दीवर पोचल्यावर लक्षात आलं की गाड्या, जनावरं, चारा यांची सरकारी व्यवस्था कोलमडलेली आहे. तेव्हा उव्रार नावाच्या बड्या सावकार-ठेकेदाराने ऐनवेळी पुरवठ्याचा मक्ता उचलला, अर्थात स्वतःला परवडेल अशा अटींवर. त्याची युक्ती सोपी: चांगला भाव आणि रोख पैसे. काल लपवलेलं धान्य आज आपणहून छावणीच्या दाराशी येऊ लागलं. पुढे या मक्त्यांवरून पॅरिसमध्ये मोठी बोंब झाली, चौकशा झाल्या. स्वारीचा एकूण खर्च 20 कोटी फ्रँकच्या वर गेला. पण विलेलच्या तिजोरीने सोसलं म्हणून अंगुलेमच्या सैनिकांच्या पाठीत सुरे घुसले नाहीत, असं म्हणायला हरकत नाही.

तिसरं कारण: सेनापतीच फितूर झाले किंवा हातपाय गाळून बसले. गालिसियात मोरियो, दक्षिणेत बायेस्तेरोस. घटना जाऊन फ्रान्ससारखी मवाळ सनद येईल, या आशेवर यातल्या काहींनी तह केले. अंगुलेमच्या छावणीतून येणारा सूरही तसाच होता. त्यामुळे त्यांना निव्वळ गद्दार म्हणणं मला जड जातं. त्यांनी फ्रेंचांवर विश्वास ठेवला; राजावर ठेवला नव्हता.

राजा ओलीस, राजाची सही आवश्यक

घटनावाद्यांची कोंडी यात सगळ्यात विलक्षण. त्यांची घटना राजाशिवाय चालत नव्हती आणि राजा शत्रूची वाट पाहत होता. म्हणून माघार घेताना ते त्याला बरोबर घेऊन फिरले. आधी सेव्हिल. तिथून कादिझला हलायची वेळ आली तेव्हा राजा म्हणाला, मी येत नाही. 11 जूनला प्रतिनिधीसभेने ठराव केला की राजा तात्पुरता राज्यकारभारास असमर्थ आहे. असमर्थतेचं कलम खरं तर आजारी किंवा वेड्या राजासाठी होतं. चार दिवस तीन माणसांच्या मंडळाने कारभार पाहिला, राजाला कादिझला पोचवलं, आणि तो पुन्हा समर्थ झाला! युरोपभरच्या दरबारांना यापेक्षा चांगला पुरावा नको होता: पाहा, राजाला कसं वागवतात.

कादिझला 1810 मध्ये नेपोलियनच्या सैन्याने वेढा घातला होता आणि ते शहर पडलं नव्हतं. पण तेव्हा समुद्र ब्रिटिशांच्या हाती होता आणि ब्रिटिश मदतीला होते. 1823 मध्ये ब्रिटन तटस्थ राहिलं. नवा परराष्ट्रमंत्री कॅनिंग याने फ्रान्सला अटी घातल्या: स्पेनमध्ये कायमचं ठाण मांडायचं नाही, पोर्तुगालला हात लावायचा नाही, स्पेनच्या अमेरिकेतल्या वसाहती गिळायच्या नाहीत. स्पेनमध्ये काय चाललंय याचा निषेध शब्दांत, जहाजं बंदरात. 31 ऑगस्टच्या पहाटेपूर्वी ओहोटीच्या वेळी फ्रेंच सैनिक पाण्यातून चालत कालवा ओलांडून गेले आणि कादिझसमोरचा ट्रोकादेरोचा किल्ला त्यांनी घेतला. पॅरिसमध्ये आयफेल टॉवरसमोर पर्यटक जिथे फोटो काढतात त्या ट्रोकादेरो चौकाचं नाव या लढाईवरून आलं आहे.

महिनाभरात कादिझने हात टेकले, आणि मग तो होडीतला प्रवास.

सोडवलेला राजा ऐकत नाही

फौज पाठवणाऱ्याच्या हातात राजाला बसवेपर्यंतच सगळं असतं. एकदा तो बसला की दोरी सुटते, कारण त्याला पुन्हा उठवणं म्हणजे आपलीच मोहीम फसली असं कबूल करणं. अंगुलेमला याची चुणूक आधीच मिळाली होती. फ्रेंचांच्या आडोशाने राजनिष्ठ लोक जागोजागी धरपकड करत होते. 8 ऑगस्टला त्याने आंदुहार इथून हुकूम काढला की फ्रेंच अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय स्पॅनिश अंमलदारांनी कुणाला राजकीय कारणासाठी अटक करू नये. राजनिष्ठ खवळले, परकी सत्ता आमच्यावर हुकूम चालवते म्हणून ओरडले, आणि काही आठवड्यांत त्याला तो हुकूम पातळ करावा लागला. ज्यांच्या स्वागतावर मोहीम तरली होती त्यांना दुखवायचं कसं?

7 नोव्हेंबरला रिएगोला माद्रिदमध्ये गाढवामागे टोपलीतून फरफटत नेऊन फाशी दिलं. कारकुनांपासून शिक्षकांपर्यंत नोकरदारांची 'शुद्धीकरण' मंडळांपुढे छाननी झाली. हजारो लोक फ्रान्स आणि इंग्लंडमध्ये पळाले. फ्रेंचांना लगेच परत जायचं होतं, पण ते गेले तर राजा टिकेल का, आणि टिकला तर किती माणसं मारेल, हे दोन्ही प्रश्न होते. सुमारे 45,000 सैनिक मागे राहिले आणि पूर्ण माघार 1828 मध्ये झाली. काही शहरांत तर हेच फ्रेंच शिपाई उदारमतवाद्यांना जमावापासून वाचवत होते.

पैशाच्या बाबतीतही राजाने हट्ट केला. घटनावादी सरकारने काढलेली कर्जं मी मानत नाही, म्हणाला. लंडनच्या सावकारांनी दारं लावून घेतली. दुसरीकडून कर्ज काढायचं तर कारभार बरा दिसायला हवा, म्हणून त्याने जरा मवाळ मंत्री घेतले. त्यावर कट्टर राजनिष्ठच बिथरले. 1827 मध्ये कातालुन्यात बंड झालं ते राजा पुरेसा अनियंत्रित राहिला नाही, या तक्रारीवरून. ते मोडायला त्याला स्वतः तिकडे जावं लागलं.

याचा सर्वांत लांबचा परिणाम समुद्रापलीकडे झाला. फ्रान्स आता स्पेनच्या वतीने अमेरिकेतही फौज नेणार, ही धास्ती लंडन आणि वॉशिंग्टन दोन्हीकडे होती. ऑक्टोबर 1823 मध्ये कॅनिंगने फ्रेंच राजदूत पोलिन्याक याच्याकडून तसं करणार नाही असं वदवून घेतलं. 2 डिसेंबरला अमेरिकेचा अध्यक्ष मन्रो याने जुन्या जगाने नव्या जगात ढवळाढवळ करू नये असं बजावलं. त्या इशाऱ्यामागे तेव्हा खरं बळ ब्रिटिश आरमाराचं होतं. वर्षभराने, 9 डिसेंबर 1824 रोजी पेरूमधल्या आयाकुचोच्या लढाईत दक्षिण अमेरिकेतलं स्पॅनिश राज्य संपल्यात जमा झालं. राजाला माद्रिदमध्ये पूर्ण सत्ता मिळाली ती अशी, साम्राज्याचा बराच भाग हातातून जाता जाता.

फर्डिनांड 29 सप्टेंबर 1833 रोजी वारला. मागे उरली तीन वर्षांचीही न झालेली मुलगी इसाबेल आणि गादीवर हक्क सांगणारा भाऊ कार्लोस. कट्टर राजनिष्ठ सगळे कार्लोसकडे गेले. पोरीची गादी राखायची तर तिच्या आईला उरलेल्यांचाच आधार होता, म्हणजे ज्यांना नवऱ्याने देशोधडीला लावलं त्या उदारमतवाद्यांचा. ते परत आले. लंडनमध्ये दिवस काढलेल्या मिनाला तिने सेनापती नेमलं. आणि 1835 मध्ये फ्रान्समधून पुन्हा सैनिक आले. फ्रान्समध्ये तोवर बूरबाँ घराण्याची ती शाखा 1830 च्या क्रांतीत उडाली होती आणि अंगुलेम परागंदा झाला होता. नव्या फ्रेंच राजाने आपली परदेशी पलटण तारागोनाला उतरवली, अनियंत्रित राजेशाही मागणाऱ्या कार्लोसविरुद्ध लढायला.